मधपेट्या वाढतील, नर कुठून येणार?

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावचे नाव आले आणि आता इतर गावेही या रांगेत आहेत. केंद्राचे ५०० कोटी रुपयांचे मधमाशीपालन व मध अभियानही २०२० पासून जाहीर झालेले आहे. या सगळ्या योजनांचे यश मोजले जाते ते प्रामुख्याने किती पेट्या वाटल्या आणि किती किलो मध निघाला यावर. मात्र मधमाशीच्या प्रजननाचे विज्ञान पाहिले, तर पेटीत काय आहे याइतकेच पेटीच्या बाहेर, आसपासच्या रानात काय आहे हेही महत्त्वाचे ठरते.

याचे कारण राणीमाशीचे मीलन पेटीत होत नाही. जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत ती बाहेर उडते आणि हवेतच वेगवेगळ्या वसाहतींमधून आलेल्या नरांशी तिचा संयोग होतो. सह्याद्रीतल्या पेट्यांमध्ये प्रामुख्याने पाळली जाते ती सातेरी. तिची राणी डझनभराहून अधिक नरांशी जुगते. मीलनानंतर नर तिथेच मरतो. राणी मात्र मिळालेले शुक्राणू पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवून ठेवते आणि पुढचे सारे आयुष्य तेच पुरवून वापरते. म्हणजे राणीच्या तरुणपणीच्या दोन-चार उड्डाणांत वसाहतीची पुढची काही वर्षे ठरून जातात. मधपाळाने कितीही उत्तम पेटी दिली तरी या उड्डाणावर त्याचा ताबा नसतो.

एवढे नर कशाला, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बराच काळ पडला होता. एकाच बापाच्या मुली असत्या तर कामकरी माश्या एकमेकींच्या अधिक जवळच्या ठरल्या असत्या. अनेक बापांमुळे त्यांतल्या बहुतेकजणी सावत्र बहिणी होतात. मग त्या एकमेकींसाठी इतक्या का राबतात? उत्तराचा एक भाग २००७ मध्ये अमेरिकेतील हेदर मॅटिला आणि थॉमस सीली यांच्या प्रयोगातून मिळाला. त्यांनी युरोपीय मधमाशीच्या काही राण्यांना एकाच नराचे, तर काहींना पंधरा नरांचे शुक्राणू दिले. पंधरा बापांच्या वसाहतींनी पोळे लवकर बांधले, अन्न जास्त साठवले. एका बापाच्या वसाहतींना हिवाळा काही निभावला नाही. रोगांशी सामना करतानाही मिश्र वसाहती सरस ठरतात, हे इतर प्रयोगांतून दिसले आहे. दक्षिण भारतात १९९१-९२ च्या सुमारास अळ्यांना मारणाऱ्या एका विषाणूने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या, हे लक्षात घेतले तर हा मुद्दा केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

दुसरे कारण अधिक जीवघेणे आहे. मधमाशीत फलित न झालेल्या अंड्यातून नर निपजतो. त्याला बाप नसतो, आईकडचे आजोबा मात्र असतात! फलित अंड्यातून मादी होते खरी, पण एका अटीवर. लिंग ठरवणाऱ्या एका विशिष्ट जनुकाची आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली रूपे वेगळी असावी लागतात. ती सारखी निघाली तर त्या अंड्यातूनही नरच होतो, तोही निकामी. कामकरी माश्या अशा अळ्या ओळखतात आणि अंड्यातून बाहेर येताच खाऊन टाकतात.

हिशेब सोपा आहे. राणी एकाच नराशी जुगली आणि त्याचे रूप तिच्या दोनपैकी एकाशी जुळले, तर तिची निम्मी फलित अंडी वाया जातात. पंधरा नरांपैकी एकच तसा निघाला तर साधारण शंभरातली तीन. पण ही सुरक्षितता आसपासचे नर वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तरच. एकाच वसाहतीचे तुकडे करून परिसरातल्या सगळ्या पेट्या भरल्या, तर पंधरा नर असूनही ते जवळपास एकाच रक्ताचे असतात.

मोजक्या माश्यांतून मोठी पैदास होऊच शकत नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियात केर्न्झ येथे २००७ मध्ये सातेरीच्याच जातीच्या माश्या एका बोटीच्या डोलकाठीत सापडल्या. बहुधा एकाच थव्यातून पसरलेल्या या माश्यांमध्ये त्या जनुकाची जेमतेम सात रूपे होती, तरी त्या संपल्या नाहीत. रोझालिन ग्लोग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की दुर्मीळ रूपे हळूहळू वाढत गेली, कारण दुर्मीळ रूप बाळगणाऱ्याची जोडी सहसा चुकत नाही. ही दुरुस्ती निसर्गाने केली, पण ती मोकळ्या रानात, कुणी निवड न करता वाढणाऱ्या वसाहतींत. जास्त मध देणारी एकच पेटी पुन्हा पुन्हा विभागली जाते, तिथे तीच गोष्ट आपोआप घडेल असे गृहीत धरता येत नाही.

नव्या नरांचा मोठा साठा रानातल्या सातेरीकडे आहे. झाडांच्या ढोलीत, कपारीत, वारुळात, देवराईतल्या जुन्या खोडांत. ती झाडे तुटली किंवा मधासाठी ढोल्या जाळल्या गेल्या की तो साठा आटतो, आणि कुठल्याही योजनेच्या आकडेवारीत ही घट दिसत नाही. मोठ्या संख्येने आणलेल्या युरोपीय मधमाश्यांचाही विचार व्हायला हवा. दोन्ही जातींच्या राण्यांचा नरांना ओढणारा गंध बराचसा सारखा असतो, पण त्यांचा संकर जगत नाही. अशा ठिकाणी सातेरी राणीचे उड्डाण फुकट जाण्याचा धोका असतो. पेटीवाटपासोबत गावाच्या शिवारात रानटी वसाहती किती आहेत याची साधी मोजणी केली, दूरच्या गावांतील राण्यांची अदलाबदल केली आणि पोळ्यातले नरांचे कोठे सरसकट कापले नाहीत, तर खर्च फारसा वाढणार नाही. यासाठी लागणारी माहिती पिढ्यान्‌पिढ्या मध गोळा करणाऱ्यांकडे आहे. कोणत्या झाडात किती वर्षांपासून पोळे आहे हे त्यांना तोंडपाठ असते.