दार त्यांचे, स्वाभिमान आपला

पनवेल तालुक्यातील ओवे गावापासून थोड्या अंतरावर उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. एके काळच्या भातशेतीच्या या पट्ट्यात आज संगणक अभियंत्यांच्या वसाहती आहेत आणि तेथील अनेक तरुणांची दृष्टी अमेरिकेकडे लागलेली असते. उद्घाटनाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १९ सप्टेंबरला, अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसासाठी १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. हा व्हिसा मिळविणाऱ्यांत ७० टक्क्यांहून अधिक भारतीय असल्याने घाव कोणावर पडला, हे सांगावयास नको.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सर्व माणसे समान आहेत, अशी ग्वाही अमेरिकेने १७७६ मध्येच दिली होती. त्याच अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना प्रवेशबंदी केली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झालेले भगतसिंग थिंद 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र ठरतात, असा निकाल १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला केवळ १०० भारतीयांपुरते! १९६५ मध्ये ते खऱ्या अर्थाने उघडले. त्यामागे न्यायबुद्धी होती, तशीच कुशल मनुष्यबळाची गरजही होती.

तथापि आपणही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. घुसखोरीविरुद्ध बोलताना, देशात कोणाला प्रवेश द्यावा हे ठरविण्याचा अधिकार त्या राष्ट्राचाच, असे आपण ठामपणे सांगतो. तोच अधिकार अमेरिकेला कसा नाकारणार? दलालांना लाखो रुपये मोजून चोरवाटेने जाणाऱ्यांचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठविलेल्या १०४ भारतीयांपैकी अनेकांना हातकड्या व बेड्या घालण्यात आल्या. ही कायद्याची अंमलबजावणी नव्हे, माणसाची अप्रतिष्ठा होय. आपल्या सीमेवरही कायदा कठोर असावा, वागणूक मात्र माणुसकीचीच असावी.

तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेत गेले, गदर चळवळीत सामील होऊन १९१४ मध्ये मायदेशी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरमध्ये फासावर गेले. आज कोणी प्राण मागत नाही. जे जातात, त्यांना शुभेच्छाच आहेत. परंतु येथील बुद्धीला येथेच संशोधनाची साधने, गुणवत्तेची कदर आणि प्रामाणिक कारभार मिळाला पाहिजे. तो देण्याची जबाबदारी वॉशिंग्टनची नाही. ती आपली आहे.