आकड्यांची प्रतिष्ठा

महाड-पोलादपूर परिसरातही नव्या मोटारीला ‘एमएच ०६’पुढे ठरावीक आकडाच हवा, असा आग्रह वाढू लागला आहे. शासनाने ऑगस्ट २०२४मध्ये अशा क्रमांकांचे शुल्क वाढविले. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ‘०००१’साठी ६ लाख रुपये मोजावे लागतात, चालू मालिकेबाहेरचा घेतल्यास ही रक्कम १८ लाखांपर्यंत जाते. हौसेला मोल नसते, आणि पैसा सरकारी तिजोरीतच जमा होतो. तेथवर आमची तक्रार नाही.

परंतु आता या हौसेला ‘गुंतवणूक’ म्हटले जाते! दुबईत २०२३ साली ‘पी ७’ ही पाटी साडेपाच कोटी दिरहमांना विकली गेली, हे खरे. आपल्याकडे मात्र क्रमांक सुटा विकून नफा मिळविता येत नाही. राखून ठेवलेला क्रमांक फार तर पती, पत्नी वा मुलांच्या नावे करता येतो. ‘४१४१’ वळणदार लिहून ‘दादा’ साधण्याची करामतही नियमबाह्यच आहे.

वाहनक्रमांक असतो ओळख पटविण्यासाठी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल कोसळून दोन एसटी बसगाड्या वाहून गेल्या, हे महाडकर विसरलेले नाहीत. गाळातून वर येणाऱ्या गाडीचा क्रमांक मौल्यवान होता की साधा, हे काठावर उभे असलेले आप्त विचारीत नाहीत. मुलाच्या पहिल्या मोटारीच्या आकड्यासाठी लाखभर रुपये बाजूला काढणाऱ्या घरांनी आधी तिचे टायर, ब्रेक आणि विमा पाहावा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढायचा आहे.