विश्लेषण : मूत्राशयाच्या गाठीवर ‘आतून’ किरणोपचार, मग केमोची जोड कशाला?

मूत्राशयात नळीने औषध थेट सोडता येते. अडचण ते टिकण्याची. मायटोमायसिनसारखे केमोचे औषध साधारण दोन तास आत राहते. मग लघवीवाटे वाहून जाते. त्यामुळे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

उंदरांवर काय साधले?

बार्सिलोनातील ‘आयबीईसी’ संस्थेचे सॅम्युएल सांचेझ आणि सहकाऱ्यांनी सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवर युरिएज नावाचे एन्झाइम बसवले. लघवीतला युरिया हेच त्यांचे इंधन! किरणोत्सारी आयोडिन घेऊन हे कण पोहत गाठीत शिरले. एकाच डोसने उंदरांतील गाठी सुमारे ९० टक्के आटल्या, असे जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात केमो नव्हती. मात्र आयोडिन-१३१चे बीटा किरण ऊतींमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जातात. भोवतालचे अवयव वाचतात, तसा जाड गाठीचा खोल भागही वाचू शकतो. सिस्प्लॅटिन रक्तातून तिथे पोहोचते, शिवाय किरणांनी तुटलेला डीएनए पेशीला सांधू देत नाही. जोडीचा तर्क हाच.

पुढे कुत्रे का?

उंदरात गाठ मुद्दाम रुजवावी लागते. कुत्र्यांना, विशेषतः स्कॉटिश टेरियरना, हा कर्करोग आपसूक होतो आणि माणसासारखाच स्नायूंत शिरतो. लघवीतले रक्त संसर्ग समजून दिवस वाया जातात, ते वेगळेच. उंदरापेक्षा कुत्र्यातला निकाल म्हणूनच अधिक वजनाचा. पण उपचारानंतर काही दिवस त्याची लघवी किरणोत्सारी असेल; ती गोळा करून सुरक्षित ठेवण्याची सोय किती पशु रुग्णालयांत आहे?