आधी चना-पोहे, मग कापूस

यवतमाळला परदेशी माणूस सहसा कापसापायी येतो. पूर्वी तो कापूस न्यायला यायचा. किलिक निक्सन कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी लाइन टाकली ती त्यासाठीच. त्या लाइनवरच्या ‘शकुंतला’ गाडीचं, मँचेस्टरला 1921 साली घडवलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावत होतं. आता तो शेतकरी आत्महत्यांवर लिहायला येतो, 2017 च्या फवारणीतल्या विषबाधेची चौकशी करायला येतो. नागपूरहून सकाळी गाडी, दिवसभरात दोन गावं, कुणाच्या तरी ओसरीवर फोटो, अंधार पडायच्या आत परत. पोटाला गाडीतली बिस्किटं. मला याचं फार वाईट वाटतं. आमच्या जिल्ह्याचं दुःख खरं आहे आणि ते जगाने पाहिलंच पाहिजे. पण ज्याच्या मरणाबद्दल लिहायचं, तो जगताना सकाळी काय खात होता हे ठाऊक नसेल तर लिहिलेलं अर्धवटच राहतं.

म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी सेंद्रिय कापसाचा अभ्यास करणारी एक जर्मन पाहुणी माझ्याकडे आली, तेव्हा गावांकडे निघण्याआधी मी तिला दत्त चौकाच्या बाजूला नेलं. सोबतचा ड्रायव्हर सारखा सांगत होता, हॉटेलात चला, तिथे टोस्ट मिळतो. त्याला काळजी तिच्या पोटाची. काळजी खरी, पण जागा चुकलेली. रटरटती तर्री, कढईतून नुकता काढलेला आलुबोंडा, उकळता चहा यांनी पोट सहसा बिघडत नाही. बिघडतं ते पाण्याने, कापून ठेवलेल्या फळांनी आणि सकाळी वाटून दुपारपर्यंत उघड्यावर राहिलेल्या चटणीने. पाहुण्याला एवढं सांगितलं की पुरतं.

"बसा ना बाप्पा, उभे कायले?" म्हणत ठेलेवाल्या काकांनी बाक पुसला. पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग, शेजारी गंजात चन्याची तर्री. काळे चने रात्रभर भिजवायचे, कांदा-लसूण आणि भाजलेला मसाला तेलात चांगला लाल होईपर्यंत परतायचा, मग चने आणि पाणी घालून उकळत ठेवायचं. मसाला नीट परतला असेल तर तेल सुटून वर येतं आणि मिरचीचा रंगही आपल्यासोबत वर आणतं. गिऱ्हाईक बघून काकांचा डाव कधी वरून फिरतो, कधी बुडापर्यंत जातो. पाहुणीसाठी त्यांनी तवंग हलकेच बाजूला सारला आणि खालचे चने वाढले. वर कच्चा कांदा, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, लिंबाची फोड. दुसऱ्या प्लेटला तिने बोटाने तवंगाकडेच खूण केली. डोळ्यांत पाणी आलं, पण प्लेट तिने पुसून खाल्ली.

मग तिने शेतीच्या माणसाचा प्रश्न विचारला. यातलं इथे पिकतं काय? आम्ही तिघं मोजायला लागलो. पोहे तिकडच्या धानाचे, गोंदिया-छत्तीसगडकडचे. आलू बाहेरचा. तेलाचा डबा पामचा, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियातून आलेला. चना आपला, काळ्या मातीतला, रब्बीचा. "आणि ज्वारी?" तिने विचारलं. वऱ्हाडाचं मुख्य अन्न ज्वारी, हे ती वाचून आली होती.

काका म्हणाले, "ज्वारी पेरते कोण आता? पाखरं खातात, उरली तं रानडुकरं अन् रोही." पेरणाऱ्याला रात्र रात्र मचाणावर जागावं लागतं. कपाशी आणि सोयाबीन निदान विकून पैसा देतात, म्हणून शेत त्यांच्याकडे गेलं. 1995 मध्ये युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर दिली तेव्हा काही दिवस तरी भाकर रस्त्यावर दिसली. त्याआधी, 1972 पासूनच्या सरकारी कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात, संकलन केंद्रांबाहेर कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागायच्या आणि शेतकरी घरून बांधून आणलेली भाकर बंडीखाली बसून खायचे. आज जिनिंगच्या फाटकावर चहा आणि बोंडा मिळतो.

संध्याकाळी आर्णी रोडवर एक बाई चुलीवर भाकरी थापताना दिसल्या. चून, मिरचीचा ठेचा, कांदा. पाहुणी पाटावर बसली आणि हाताने खाऊ लागली. थोड्या वेळाने बाईंनीच तिला विचारलं, "तुमच्याकडं भाकर कायची करतात?" रायची, असं ती म्हणाली. ते धान्य कसं दिसतं हे तिने वहीत काढून दाखवलं. लगेच पुढचा प्रश्न, "पाखरं खातात का तिले?" पाखरांपेक्षा रानडुकरंच जास्त नासधूस करतात, हे ऐकल्यावर बाई चुलीपुढून उठूनच आल्या. मग कुंपण, झटका मशीन, भरपाईचे अर्ज यावर दोघींचं खूप वेळ बोलणं झालं. मी मधे दुभाष्या. आलेल्या पाहुण्याला आमच्या माणसांनी असं उलट विचारलेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

पुढच्या वेळी हुरड्याच्या दिवसांत ये, असं मी तिला सांगून ठेवलं आहे. ज्वारी पेरलेलं शेत मात्र आत्तापासून शोधायला लागेल.