पटाचा हिशेब आणि खेड्यातील शाळा

ज्या खेड्यात दवाखाना नाही, पेढी नाही, पोलीसचौकी नाही, तेथेही सरकारचे म्हणून एक घर बहुधा उभे असते. ते प्राथमिक शाळेचे होय. भंडारा जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांत विखुरलेल्या गावांचेच पाहा. मतदान या घरात, १५ ऑगस्टचे झेंडावंदन याच्या अंगणात, आणि गावच्या बायांनी शिजविलेला पोषण आहार खावयास सर्व जातींची लेकरे एका पंगतीस बसतात तीही येथेच. असल्या घरास कुलूप लावावे की काय, हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याच्या जमाखर्चाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा त्या वेळी राज्यात १४ हजारांवर होत्या व त्यांतील मुले पावणेदोन लाखांहून अधिक. मोठी इमारत, पुष्कळ शिक्षक, ग्रंथालय, क्रीडांगण हे चित्र मनोहर आहे खरे. परंतु रोवणीच्या दिवसांत, नाला दुथडी भरून वाहत असता, सात वर्षांच्या मुलीस त्या चित्रापर्यंत पोहोचविणार कोण? बाप बांधीत, आई रोवणीस. गाडी देऊ, असे उत्तर मिळते. गाडी न येईल त्या दिवशी मुलगी घरी राहील. असे दिवस वाढले म्हणजे धाकट्या भावास सांभाळण्यास ती कायमचीच घरी राहील.

आता कायदा पाहू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शेजारात शाळा असावी हे कर्तव्य त्याच्या सहाव्या कलमाने सरकारवर व स्थानिक संस्थेवर टाकले, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर ठरविले. त्याच नियमात वीस मुलांची अट आहे हे आम्ही लपवीत नाही. पण ती अट शाळा काढण्यासंबंधीची आहे. चालू शाळा मोडण्याचे हत्यार म्हणून ती लिहिलेली नाही. उलट कायद्याचे परिशिष्ट ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणते, व खाली कोणतीच मर्यादा घालीत नाही.

नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. लोकांचीच मागणी नाही, ही तेव्हाच्या सरकारपक्षाची एक सबब होती. परके सरकार गेले. सबबीचे नाव मात्र आता पट झाले आहे.

पट घटतो हे खोटे नाही. जन्म कमी झाले, आणि खासगी शाळेची पिवळी गाडी गावाच्या पांदीपर्यंत येऊ लागली. त्या गाडीत मूल बसविणारे आईबाप मूर्ख नव्हेत. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतो आणि वर खात्याचे तक्ते भरतो, हे त्यांना दिसते. शिक्षक काढावयाचा, मुले गेली म्हणावयाचे, आणि मुले गेली म्हणून शाळा काढावयाची, या न्यायास आम्ही काय नाव द्यावे?

आमच्या शहरवासी वाचकांसही दोन शब्द. भंडारा-तुमसरच्या गिरण्यांत जे धान येते ते याच गावांचे. त्या गावांच्या शाळेचे काय चालले आहे याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? दिवाळीनंतरच्या मंडईस व दंडारीस वर्गणी देण्यात आपला हात आखडत नाही, आणि आखडूही नये. पण शाळेचे छप्पर गळते म्हटले की ते जिल्हा परिषदेचे काम ठरते!

कलम २१ प्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असावयाच्या. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे हा तिचा अधिकार आहे. शाळा हलविण्याची भाषा निघताच या समितीने लेखी हरकत घ्यावी, ती ग्रामसभेच्या ठरावास जोडावी, आणि गावापासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर व वाटेतले नाले त्यात नमूद करावेत. असा अर्ज लिहून देण्यास जिल्ह्यातील वकीलमंडळींनी फी घेऊ नये, ही आमची आमच्याच व्यवसायबंधूंस विनंती आहे.