नफ्यात भागीदार, तोट्यात तिऱ्हाईत

मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४१५ कोटी रुपयांचे एटी-वन बाँड एका फटक्यात शून्य झाले. त्यात मोठे फंड होते, तशी निवृत्तीची पुंजी गुंतवलेली साधी माणसंही होती. पैसे गेले, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतर प्राप्तिकराचा कायदा त्यांच्याशी कसा वागतो, हे फारसं कुणी विचारलं नाही.

समजा, तुमच्या मावशीने असे १० लाखांचे बाँड घेतले होते. ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ९० हजार. मावशी ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर त्यातले २७ हजार दरवर्षी सरकारचे. मग एक दिवस मुद्दलच बुडालं. आता कायदा म्हणतो, हा भांडवली तोटा आहे. तो व्याजातून वजा होणार नाही, पेन्शनमधूनही नाही. फक्त भांडवली नफ्यातून होईल, तोही आठ वर्षांत. मावशीकडे ना शेअर, ना विकायला घर. तिने तो नफा आणायचा कुठून?

बरं, तोटा दाखवायलाही आधी ‘हस्तांतरण’ झालेलं लागतं. शून्य झालेला बाँड घेणार कोण? हक्क नष्ट होणं हेही हस्तांतरणच, असा युक्तिवाद करता येतो. पण त्यासाठी सीए गाठा, नोटिशीला उत्तर द्या. आणि तोटा नेमका कोणत्या वर्षीचा? जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बाँड शून्य करण्याचा निर्णयच रद्द ठरवला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रिटर्नची मुदत मात्र निकालासाठी थांबत नाही.

बँकेचं स्वतःचं कर्ज बुडालं की ती ते खर्चात टाकते आणि कर वाचवते. अमेरिकेत कवडीमोल झालेला रोखा वर्षाच्या शेवटच्या दिवशी विकला गेला असं कायदाच मानतो. वर्षाला ३,००० डॉलरपर्यंतचा तोटा पगारातूनही वजा होतो.

‘जास्त व्याज हवं तर जोखीम घ्या,’ असं कुणी म्हणेल. मान्य! बुडालेले पैसे सरकारने भरून द्यावेत, असं कुणी म्हणत नाही. पण जोखमीच्या कमाईत वाटा घेणाऱ्याने जोखमीचा तोटाही मोजावा. बाँड शून्य झाला त्या दिवशी तो शून्याला विकला असं धरा आणि तो तोटा बाँडच्या व्याजातून वजा करू द्या. एवढंच मागणं आहे.

सेबीने २०२४ मध्ये १० हजारांच्या बाँडला वाट करून दिली. आता ते तुमच्या फोनवर विकले जातात. मावशीचा प्रश्न उद्या तुमचा असेल.