ग्रीसचीही साठवणच असते

फरीदाबाद येथे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय आहे. त्याच शहरात इंडियन ऑइलचे संशोधन व विकास केंद्र १९७२ पासून वंगणांवर काम करीत आहे. साठवण म्हटले की आम्हा कीटकशास्त्रज्ञांना मात्र धान्यच आठवते. पोत्यांखाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर, आधी आलेले आधी बाहेर. यांपैकी एकही नियम आपण ग्रीसच्या डब्याला लावत नाही.

बहुतेक ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. उष्णतेने ते सुटू लागते आणि ग्रीस खोदून काढलेल्या खड्ड्यात साचते. म्हणून काढल्यावर पृष्ठभाग सपाट करावा. उघड्यावरचे पिंप दिवसा तापते, रात्री निवते आणि निवताना झाकणावरचे पावसाचे पाणी आत ओढते. डब्यात गेलेली धूळ पुढे मळणीयंत्राचे बेअरिंग झिजविते.

यात माझा स्वार्थही आहे. उत्तर भारतात आंब्यावरील पिठ्या ढेकणाची पिल्ले डिसेंबर-जानेवारीत खोडावर चढू लागतात. त्यांना अडविण्यासाठी खोडाला पॉलिथीनची पट्टी बांधून कडेला ग्रीस लावतात. एका प्रक्षेत्रावर वर्षभर उघडा राहिलेला डबा वापरला गेला. तेल ओघळले, उरलेला थर धुळीने सुकला आणि पिल्ले खुशाल वर गेली. खापर फुटले ते पट्टीच्या पद्धतीवर!

वर आलेले थोडे तेल ढवळून मिसळता येते; फार सुटले असल्यास डबा बादच करावा. स्वस्त पडते म्हणून मोठे पिंप घेण्याऐवजी प्रक्षेत्रांनी हंगामापुरते लहान डबे घ्यावेत आणि डबा उघडल्याची तारीख झाकणावरच लिहावी.